अमेरिकेत मुलांच्या कॉलेजसाठी आर्थिक मदत: मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला गेलं की आपल्या घरांत एसएटीचे मार्क, निबंध, शिफारसपत्रं यांवर रोज चर्चा होते. पैशाचा विषय मात्र कॉलेजचं पत्र येईपर्यंत कोणी काढत नाही, आणि मग मार्च-एप्रिलमध्ये धावपळ होते. खालचे बहुतेक प्रश्न त्या धावपळीतच विचारले जातात. उत्तरं आधीच्या सप्टेंबरात वाचलीत तर जास्त उपयोगी पडतील. नियम आणि आकडे २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाचे धरले आहेत.

फाफ्सा म्हणजे नक्की काय?

अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याचा मोफत अर्ज. तो स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर भरायचा असतो. फाफ्सा भरला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. त्यातल्या माहितीवरून एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स) नावाचा एक आकडा निघतो, तो तुम्ही निवडलेल्या कॉलेजांना आणि राज्याला जातो, आणि कोणाला किती द्यायचं ते पुढे कॉलेज ठरवतं. पेल ग्रँट म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, वर्क-स्टडी म्हणजे कॅम्पसवरचं अर्धवेळ काम, आणि सरकारी कर्ज या तिन्हींचा रस्ता याच एका अर्जातून जातो. ऑनलाइन फॉर्मवर २० कॉलेजांची नावं टाकता येतात.

फाफ्सा भरून देण्यासाठी कोणी फी मागत असेल तर ती साइट तिथेच बंद करा.

आमचं दोघांचं उत्पन्न चांगलं आहे. भरून उपयोग काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. पेल ग्रँट तुम्हाला मिळणार नाही हे बरोबर. ती कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे आणि तिची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. पण फाफ्सा भरायला उत्पन्नाची कोणतीही वरची मर्यादा नाही, आणि पेलखेरीज बरंच काही त्याच्यावर अवलंबून असतं.

मुलाच्या नावावर मिळणारं सरकारी अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाही व्याज चढणारं) कर्ज उत्पन्न बघत नाही, फाफ्सा मात्र लागतोच. काही कॉलेजं गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्तीसाठीसुद्धा फाफ्सा मागतात. कॅलिफोर्नियात मिडल क्लास स्कॉलरशिप नावाची राज्याची योजना आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा २ लाख डॉलरपेक्षाही वर आहे. खाजगी कॉलेजांचं चित्र तर गेल्या एक-दोन वर्षांत फारच बदललं. एमआयटी आणि हार्वर्ड या दोघांनी २०२५ च्या शरद सत्रापासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे कॉलेजची शिकवण्याची फी, माफ केली आहे. अट एवढीच की मालमत्ता त्या उत्पन्नाला साजेशी असावी. दोघेही नोकरी करणारी कितीतरी मराठी घरं या रेषेच्या आत आहेत आणि त्यांना ते माहीत नसतं.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर उघडा. २०११ पासून प्रत्येक कॉलेजला ते ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्ध्या तासात तुमच्या घरासाठी अंदाजे खर्च कळतो. गंमत अशी, की अनेकदा ८५-९० हजार डॉलरचा बोर्ड लावलेलं खाजगी कॉलेज शेजारच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठापेक्षा स्वस्त निघतं, कारण परराज्यातल्या मुलांना सरकारी विद्यापीठं मदत देताना हात आखडता घेतात.

आम्ही एच-१बी वर आहोत, मुलगी इथेच जन्मलेली आहे. ती पात्र आहे का?

हो, पूर्णपणे. पात्रता विद्यार्थ्याच्या नागरिकत्वावर ठरते. आई-वडिलांचा व्हिसा कोणता, हे त्यात येत नाही.

आणि मुलगा एच-४ वर, म्हणजे आमच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर?

मग केंद्र सरकारची मदत नाही. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित किंवा आश्रय मिळालेले अशा ठरावीक गटांनाच ती मिळते. एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) त्यात बसत नाहीत. फॉर्मवर ‘पात्र बिगरनागरिक’ असा पर्याय दिसतो. आपण कायदेशीर राहतो म्हणून आपणही पात्र, असं समजून तो निवडू नका. ते खोटं विधान ठरतं.

अशा मुलांसाठी खरा आधार म्हणजे कॉलेजचा स्वतःचा निधी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन ही कॉलेजं प्रवेश देताना नागरिक नसलेल्यांचीही पैसे भरण्याची ऐपत बघत नाहीत आणि पुढे गरजेइतकी मदत देतात. अडचण एकच, तिथे प्रवेश मिळणंच महाकठीण. बाकी कॉलेजांत प्रत्येकाचा नियम वेगळा. एच-४ वरचं, इथल्याच हायस्कूलमधून आलेलं मूल ते इथलं धरतात की परदेशी, हे ॲडमिशन ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. राज्यांतर्गत ट्यूशनचं, म्हणजे त्याच राज्यातल्या रहिवाशांसाठीच्या कमी फीचं, तसंच, नियम राज्यागणिक बदलतात.

वर्षाच्या मध्येच ग्रीन कार्ड हातात आलं तर थांबू नका. त्याच आठवड्यात फाफ्सा भरा आणि कॉलेजला कळवा.

फॉर्म कधी उघडतो, शेवटची तारीख कोणती?

१ ऑक्टोबरपर्यंत फॉर्म उघडलाच पाहिजे असा आता कायदा आहे. २०२६-२७ चा तर २०२५ च्या सप्टेंबरातच खुला झाला. केंद्राची शेवटची तारीख ३० जून २०२७ आहे, आणि हीच तारीख बघून लोक फसतात. तोपर्यंत कॉलेजच्या आणि राज्याच्या तिजोरीत काही उरलेलं नसतं. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीची तारीख सहसा २ मार्च असते. इलिनॉयची मॅप ग्रँट पैसे संपेपर्यंतच मिळते. न्यूयॉर्कच्या टॅप या मदतीसाठी फाफ्साशिवाय राज्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाला तर येऊच असं बांधून घेऊन, लवकर अर्ज करणाऱ्यांना तर बरीच कॉलेजं नोव्हेंबरातच कागद मागतात.

एक कागद घेऊन प्रत्येक कॉलेजपुढे त्याची ‘प्रायॉरिटी’ तारीख, म्हणजे ज्या तारखेपर्यंत आलेले अर्ज आधी बघतात ती, लिहा. त्यातली सगळ्यात आधीची तारीख ती तुमची तारीख.

कोणत्या वर्षाचं उत्पन्न धरतात?

दोन वर्षांपूर्वीचं. २०२६-२७ साठी २०२४ चं टॅक्स रिटर्न. म्हणजे हिशेबाचं पहिलं वर्ष मूल दहावीत असताना जानेवारीत सुरू होतं आणि अकरावीच्या डिसेंबरात संपतं. कॉलेज तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसतं. त्या बारा महिन्यांत कंपनीचे साठलेले शेअर विकले किंवा पुण्यातला फ्लॅट विकून भांडवली नफा दाखवला, तर तो नफा उत्पन्नात मिसळतो आणि तुम्ही कागदावर अचानक श्रीमंत होता. व्यवहार करायचाच असेल तर तो शक्यतो आधी उरका. मूल दहावी-अकरावीत असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मालमत्तेचं उलट आहे. बँकेतली शिल्लक, शेअर, जमीन यांची किंमत फॉर्मवर सही करता त्या दिवसाची लिहायची. कारचं कर्ज फेडायचं किंवा क्रेडिट कार्डाची बाकी भरायची मनात असेल तर फॉर्मच्या आधी भरा. त्यात गैर काही नाही.

फॉर्म कोणी भरायचा, आम्ही की मुलाने?

मुलाचं खातं मुलाचं, तुमचं खातं तुमचं. दोघांची लॉगिन वेगळी, सह्या वेगळ्या. मुलाने आपला भाग भरून तुम्हाला निमंत्रण पाठवायचं, तुम्ही आपल्या लॉगिनने येऊन आपला भाग भरायचा. ‘दे इकडे, मीच टाकतो सगळं’ म्हणून दोन्ही खाती स्वतःच्या फोनवर काढणारे बाबा आपल्याकडे खूप आहेत. पुढे पासवर्ड बदलताना कोड कोणाच्या फोनवर येतो यावरून घरात भांडणं होतात. शिवाय मूल कॉलेजात गेलं की फर्पा या कायद्याखाली त्याच्या नोंदींवर त्याचा हक्क असतो. त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेजचं ऑफिस तुमच्याशी सविस्तर बोलेलच असं नाही. तेव्हा त्याला आतापासूनच त्यात घ्या.

प्रत्येकाने आयकर खात्याकडून आपली माहिती थेट घेण्यास संमती द्यावी लागते. टॅक्स रिटर्न हाताशी आहे, मी आकडे स्वतः लिहितो, असं म्हणून संमती नाकारली तर मुलाला केंद्राची मदत मिळत नाही. अमेरिकेत रिटर्न भरलेलं नसलं तरी संमती द्यावीच लागते.

नाव जुळत नाही असं येतं. काय करायचं?

हे आपलं खास दुखणं. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचं नाव मधलं म्हणून, बँकेत ते नावच नाही, लग्नानंतर आडनाव बदललं पण कार्डावर माहेरचंच. फाफ्साचं खातं सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर ताडून बघितलं जातं. म्हणून कार्ड समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच लिहा. ते चुकीचं वाटत असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन दुरुस्त करा, मग फॉर्म. मुलाच्या बाबतीतही तेच. शाळेत ‘आदि’ म्हणून वावरणारा आदित्य इथे आदित्यच हवा.

दोघांनाही खातं काढावं लागतं का? बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही.

लग्न कायम आहे आणि रिटर्न दोघांनी मिळून भरलेलं आहे, तर एकाच पालकाचं खातं पुरतं. ज्याच्याकडे नंबर आहे त्याने पुढे व्हावं. रिटर्न वेगवेगळी भरली असतील तर दोघं लागतात. नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं, फक्त ओळख पटवण्यात वेळ जातो, तेव्हा ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

घटस्फोट झाला असेल तर गेल्या बारा महिन्यांत मुलावर ज्याने जास्त खर्च केला तो पालक माहिती देतो. मूल कोणाकडे जास्त राहतं हा जुना निकष आता नाही. त्या पालकाने पुन्हा लग्न केलं असेल तर नव्या जोडीदाराचं उत्पन्नही धरलं जातं.

मुलगा नोकरी करतो, वेगळा राहतो. त्याला स्वतंत्र दाखवलं तर?

जमणार नाही. २४ वर्षांखालचं, अविवाहित, मूलबाळ नसलेलं, सैन्यात नसलेलं मूल सहसा अवलंबितच धरतात. टॅक्समध्ये त्याला दाखवलं नाही तरीही.

भारतातली मालमत्ता लिहायची का?

लिहायची. फॉर्म ‘तुमची मालमत्ता’ विचारतो, ‘अमेरिकेतली मालमत्ता’ नाही. कळणार कोणाला, हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. पण ज्या खात्यांची माहिती तुम्ही एफबारमध्ये (परदेशी खात्यांची माहिती सरकारला देण्याचा फॉर्म) दरवर्षी देता तीच इथे लपवणं शहाणपणाचं नाही. फॉर्मवर खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो, असं फॉर्मवरच लिहिलेलं असतं.

गंमत म्हणजे लपवणारे जितके भेटतात तितकेच गरज नसताना जास्त लिहिणारे भेटतात. म्हणून एकेक घेऊ.

तुम्ही राहता ते घर फाफ्सात धरत नाहीत. पुण्याचा किंवा ठाण्याचा फ्लॅट मात्र धरतात, कारण तुम्ही त्यात राहत नाही. भाड्याने दिलेला असो की कुलूप लावून ठेवलेला, फरक पडत नाही. त्याची आजची बाजारभावाची किंमत घ्या, त्यावरचं कर्ज वजा करा, उरलेली रक्कम फॉर्म भरता त्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये लिहा.

वाडवडिलांचं घर तुमच्या नावावर नसेल आणि वाटणी झाली नसेल, तर ‘पुढे मिळेल’ म्हणून ते लिहायचं नाही. भावाबहिणींबरोबर नाव लागलेलं असेल तर फक्त तुमचा हिस्सा. सातबाऱ्यावर तीन नावं असतील तर तिन्ही हिश्श्यांची किंमत आपल्या माथी घेऊ नका.

शेतीचं जरा नाजूक आहे. २०२६-२७ पासून कुटुंबाची शेती पुन्हा हिशेबातून वगळली आहे, हे वाचून लोक खूश होतात. पण ती सवलत कुटुंब ज्या शेतावर राहतं त्या शेताला आहे. तुम्ही डॅलसमध्ये राहता आणि शेत साताऱ्याला, तर ते गुंतवणूकच. १०० किंवा कमी पूर्णवेळ कामगार असलेला कुटुंबाचा स्वतःचा छोटा व्यवसाय मात्र आता वगळला जातो.

मुदत ठेवी, एनआरई-एनआरओ खाती, म्युच्युअल फंड, शेअर हे सगळं येतं. आयुर्विम्याची किंमत येत नाही, त्यामुळे कपाटातल्या एलआयसीच्या पॉलिसी बाजूला ठेवा. अमेरिकेतली ४०१(के) आणि आयआरएसारखी निवृत्तीची खातीही येत नाहीत. अंगावरचे दागिने, गाडी, घरातलं सामान फॉर्म विचारत नाही. पण गुंतवणूक म्हणून घेतलेली सोन्याची बिस्किटं दागिन्यांत मोडत नाहीत. मंगळसूत्राची किंमत किती लिहू, असं खरोखर विचारणारे लोक आहेत. नका लिहू.

आणि घाबरू नका. पालकांच्या मालमत्तेपैकी जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशेबात धरतात. १ लाख डॉलरच्या फ्लॅटने तुमचा आकडा फार तर ५,६४० डॉलरने वाढतो. उत्पन्नाचा भार याच्या कितीतरी पट जास्त असतो. एवढ्यासाठी खोटं बोलून झोप घालवण्यात अर्थ नाही.

मुलीच्या नावावर लहानपणापासून पैसे ठेवलेत. बरं ना?

इथल्या हिशेबात उलट. मुलाच्या नावावरच्या पैशांचे २० टक्के दरवर्षी धरतात, पालकांच्या पैशांचे ५.६४ पर्यंत. वाढदिवसाला आलेले, मुंजीत आलेले, यूटीएमए खात्यात (मुलाच्या मालकीचं, मोठ्यांनी सांभाळलेलं खातं) साठवलेले सगळे पैसे या २० टक्क्यांत जातात. ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्याचा मात्र अपवाद आहे. अवलंबित मुलासाठीचं ५२९ पालकांची मालमत्ता म्हणून धरतात, आणि भावंडाच्या नावाचं ५२९ तर आता लिहायचंच नसतं. आजी-आजोबांनी काढलेल्या ५२९ मधून येणारे पैसेही २०२४-२५ पासून फाफ्सात दाखवावे लागत नाहीत. यूटीएमएतला पैसा काढून घेऊ नका, तो कायद्याने मुलाचाच आहे. मुलाच्या शिक्षणावर तो आधी खर्च करा, एवढं करता येतं.

आम्ही भारतात आई-बाबांना दरमहा पैसे पाठवतो. कुटुंबात धरता येतील का?

तुमच्याबरोबर राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तरच. नाशिकला राहणारे आई-वडील, किंवा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येऊन जाणारे सासू-सासरे यात बसत नाहीत. ग्रीन कार्ड घेऊन तुमच्याकडेच असलेले बसतात. पाठवलेल्या पैशांसाठी फाफ्सात रकानाच नाही. पण आईच्या डायलिसिसचा किंवा वडिलांच्या बायपासचा मोठा खर्च तुम्ही उचलला असेल तर कॉलेजला पत्र लिहून, बिलं जोडून सांगता येतं. त्याबद्दल पुढे.

जुळी मुलं आहेत. दोघं एकदम कॉलेजात म्हणजे सूट मिळेल?

पूर्वी आकडा दोघांत विभागला जायचा. २०२४-२५ पासून फाफ्साने ते बंद केलं, आणि मध्यमवर्गीय घरांना या बदलाचा फटका सगळ्यात जास्त बसला. सीएसएस प्रोफाइल (पुढचा प्रश्न बघा) वापरणारी बरीच कॉलेजं अजून ते लक्षात घेतात. तेव्हा विचारा.

सीएसएस प्रोफाइल हे आणखी काय?

कॉलेज बोर्ड या संस्थेचा वेगळा अर्ज. बहुतेक श्रीमंत खाजगी कॉलेजं स्वतःचा निधी वाटण्यासाठी तो मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. घराचं उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर पहिल्या पदवीसाठी तो मोफत असतो. हा फाफ्सापेक्षा खूप खोलात जातो. राहत्या घराची किंमत, व्यवसाय, घटस्फोट झाला असेल तर दुसऱ्या पालकाचीही माहिती. फाफ्साला वगळलेलं इथे विचारलं जातं म्हणून चिडू नका, दोन वेगळ्या तिजोऱ्यांचे दोन वेगळे नियम आहेत. शेवटी मोकळी जागा असते, तिथे भारतातल्या जबाबदाऱ्या चार वाक्यांत लिहा. रडगाणं नको, आकडे द्या.

आमचा एसएआय ६०,००० आला. एवढे भरावेच लागणार?

नाही. एसएआय, म्हणजे फाफ्सातून निघणारा तो आकडा, रांगेतला क्रमांक समजा, बिल नव्हे. तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. कॉलेजचा एकूण खर्च उणे एसएआय म्हणजे तुमची ‘गरज’, आणि ती गरज पूर्ण भागवायची की नाही हे कॉलेज ठरवतं. म्हणूनच तेच कुटुंब, तोच एसएआय, आणि दोन कॉलेजांचे भाव २५,००० डॉलरने वेगळे, असं होतं.

मदतीचं पत्र आलं. लिहिलंय ‘तुम्हाला ५२,००० ची मदत’. पेढे वाटायचे?

थोडं थांबा. एक पेन्सिल घ्या आणि पत्रातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: फुकट, कमवायचं, की फेडायचं. ग्रँट आणि स्कॉलरशिप फुकट. वर्क-स्टडी कमवायचं, तेही काम मिळालं तर, आणि ते पैसे बिलातून वजा न होता पगार म्हणून मुलाच्या खात्यात येतात. लोन फेडायचं. बरीच पत्रं या तिघांची बेरीज करून वर ‘मदत’ म्हणून छापतात. पॅरेंट प्लस या पालकांच्या नावावरच्या सरकारी कर्जाची रक्कम त्यात घालून ‘तुम्हाला काहीच भरायचं नाही’ असं दाखवणारी पत्रंही येतात. तो आकडा मदत नाही, तुमच्या डोक्यावरचं कर्ज आहे.

मग दुसरी बाजू. ट्यूशन, फी, डॉर्म, जेवण हे कॉलेजला द्यायचे पैसे. पुस्तकं, विमानभाडं, किरकोळ खर्च हे तुमच्या खिशातून जातात, काही पत्रांत ते दिसतच नाहीत. बॉस्टनला शिकणारी मुलगी सॅन होजेला थँक्सगिव्हिंग, नाताळ, उन्हाळा अशी येणार, तर तिकिटं तुम्हीच मोजा. आरोग्य विमाही बघा. कॉलेज आपोआप लावतं, घरच्या विम्यात मूल असेल तर मुदतीत माफीचा अर्ज भरून तो काढता येतो आणि हजारो डॉलर वाचतात.

एकूण खर्चातून फक्त फुकटच्या ओळी वजा करा. उरलं ते तुमचं. कॉलेजांची तुलना याच एका आकड्याने करा. आणि ग्रँट चारही वर्षं आहे का, ती टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, हे १ मेच्या आत, म्हणजे होकार कळवण्याच्या नेहमीच्या तारखेआधी, विचारून घ्या.

कर्ज कोणाच्या नावावर घ्यावं?

आधी मुलाच्या. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, नंतर ७,५०० डॉलर, एकूण ३१,००० पर्यंत. २०२५-२६ चा व्याजदर ६.३९ टक्के. आपल्याकडे मुलाच्या डोक्यावर कर्ज नको ही भावना पक्की असते. पण हे मर्यादेतलं सरकारी कर्ज आहे, आणि पालकांनी आपला ४०१(के) मोडून ते टाळावं असं मला वाटत नाही. मुलांना पुढे पगार असतो. आपल्याला निवृत्तीसाठी कोणी कर्ज देत नाही.

पालकांच्या नावावरचं पॅरेंट प्लस महाग आहे, २०२५-२६ मध्ये ८.९४ टक्के, वर घेतानाच ४ टक्क्यांहून जास्त फी. १ जुलै २०२६ पासून त्याला प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा लागली आहे. हे कर्ज नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांसारख्या पात्र बिगरनागरिक पालकांनाच मिळतं.

एच-१बी वरच्या पालकांसाठी यातच एक फारशी माहीत नसलेली गोष्ट आहे. तुम्हाला व्हिसामुळे पॅरेंट प्लस मिळू शकत नाही, या कारणावर कॉलेजचं ऑफिस तुमच्या मुलाला जादा अनसबसिडाइज्ड कर्ज देऊ शकतं, पहिली दोन वर्षं ४,००० आणि पुढे ५,००० डॉलर. आपोआप कोणी देत नाही, मागावं लागतं.

२०२४ मध्ये दोघांना पगार होता, आता एकाची नोकरी गेली. फॉर्मवर कसं दाखवू?

फॉर्मवर नाही. तिथे २०२४ चेच आकडे जाऊ देत. फॉर्म गेल्यावर प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवा. परिस्थिती बदललेल्या कुटुंबाचा हिशेब नव्याने करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, सेव्हरन्सचा (नोकरी जाताना कंपनीने दिलेल्या पैशांचा) आकडा, यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज असं जोडा. एक पान पुरे. आपल्या लोकांना हात पसरल्यासारखं वाटतं आणि ते लिहीतच नाहीत. ऑफिसात बसलेल्या माणसाचं हे रोजचं काम आहे, तुमचा तेरावा अर्ज असेल त्या सकाळचा. एकवेळच्या शेअरविक्रीमुळे उत्पन्न फुगलं असेल, आई-वडिलांच्या आजारपणात मोठा खर्च झाला असेल, तर तेही याच रस्त्याने.

दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं म्हणून घासाघीस करता येते का? बरोबरीच्या कॉलेजाचं पत्र असेल तर नम्रपणे दाखवा. मंडईसारखा भाव करू नका.

अर्ली डिसिजनने प्रवेश मिळाला आणि मदत कमी पडली तर अडकलो का?

मदत खरोखर अपुरी असेल तर त्या बंधनातून सोडतात. आधी ऑफिसशी बोला, पुनर्विचार मागा, तरीही जमत नसेल तर नकार कळवा. पण तुलना करायला दुसरं पत्र हातात नसतं, हा तोटा राहतोच. ज्यांना चार पत्रं समोर ठेवून ठरवायचं आहे त्यांनी अर्ली डिसिजनच्या वाटेला जाऊ नये.

मुलाला आमचा पगार कळेल का?

आयकर खात्याकडून थेट आलेले आकडे मुलाला दिसत नाहीत. तेवढी सोय आहे. पण मी म्हणेन, कळू दे. सतरा वर्षांच्या मुलाला ‘तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो’ सांगायचं आणि एप्रिलमध्ये त्याच्या आवडत्या कॉलेजला नाही म्हणायचं, यात त्याला धक्का बसतो आणि तो रागावतो, तेही रास्तच. अर्ज करायच्या आधी एका संध्याकाळी बसून सांगा: वर्षाला आपण इतके देऊ शकतो, धाकटीसाठी इतके ठेवायचे आहेत, आजीच्या औषधांना इतके जातात. बहुतेक मुलं हे ऐकून यादी स्वतःच बदलतात.

दरवर्षी भरायचा?

दरवर्षी. दुसऱ्या वर्षापासून काही माहिती आधीच भरलेली येते.

फॉर्म पाठवला आणि मग लक्षात आलं की आकडा चुकला.

त्याच खात्यातून दुरुस्ती करता येते. सही झाल्यावर बँकेतली शिल्लक कमी-जास्त झाली तर बदलू नका, ती त्या दिवसाचीच असते. पण राहतं घर मालमत्तेत टाकलंत, ४०१(के) ची शिल्लक लिहिलीत, किंवा रुपये डॉलर समजून टाकलेत, तर लगेच सुधारा आणि दुरुस्ती गेल्यावर प्रत्येक कॉलेजला एका ओळीचा ईमेल करा. कॉलेज पडताळणीसाठी कागद मागतं तेव्हाही घाबरायचं कारण नाही, काही अर्ज त्यासाठी निवडले जातातच. मागितलेले कागद आठवड्याच्या आत अपलोड करा, कारण पडताळणी पूर्ण होईपर्यंत पत्र अडून राहतं. मुलाचा कॉलेजने दिलेला ईमेल आणि पोर्टल रोज बघायला सांगा. ही मागणी तिथे येते, तुमच्या ईमेलवर नाही.